वहिनी, ससाणा आणू या का?

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक आटोपली होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. उपास असणाऱ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू होते. तेवढ्यात आसनगाव स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहायला गेलेली आमच्यातली एक मैत्रीण मोबाइल पुढे करून म्हणाली, "वहिनी, हे बघा तरी!"

आम्ही साऱ्याजणी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. परदेशातलं कुठलंसं मोठं हॉटेल. एक तरुण मुलगी हातात जाड चामड्याचा मोजा घालून उभी आणि त्या मोज्यावर एक रुबाबदार शिकारी पक्षी. तिने हात वर केला मात्र, पक्षी झेपावला आणि छपरावरची सगळी कबुतरं भर्रकन पसार! पक्षी पुन्हा येऊन शहाण्यासारखा तिच्या हातावर बसला.

"आमच्या सोसायटीत हेच करायचं घाटतंय," मैत्रीण म्हणाली. "कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय. वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात. एक जण शिक्रा आणून देतो म्हणतोय, पाच हजारांत. शिवाय वॉचमनला एक कुत्रा घेऊन द्यायचा, म्हणजे खालच्या कबुतरांचाही बंदोबस्त."

"शिक्रा पाळलेला आहे का गं?" मी विचारलं.

"पाळलेला म्हणजे... जंगलातून पिल्लू असतानाच उचललेला."

सगळ्या हसल्या. कुणी म्हणालं, ससाण्याला मटण कोण घालणार, आमचा श्रावण चालू आहे! मलाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. कारण कबुतर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आमच्या माई येतात.

माई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. तीस वर्षं डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहिल्या. मुलं मोठी होऊन बाहेर गेली, यजमान गेले, आणि माईंना सोबत उरली ती गॅलरीतल्या कबुतरांची. रोज सकाळी आंघोळ झाली की मूठभर बाजरी कठड्यावर. "मुक्या जिवांना घास दिल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही," असं म्हणायच्या. आम्ही कौतुकच करत होतो. मीसुद्धा डोंबिवलीला गेले की माझ्या हाताने दाणे टाकलेले आहेत.

मग माईंना कोरडा खोकला सुरू झाला. आधी हवा बदलली म्हणून, मग ॲलर्जी म्हणून, मग दमा म्हणून औषधं झाली. दोन वर्षं अशीच गेली. वजन उतरलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायला लागल्या. शेवटी छातीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्कॅन पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, घराच्या आसपास कबुतरं आहेत का?"

माई अभिमानाने म्हणाल्या, "हो तर! माझ्या हातचं खातात."

डॉक्टर क्षणभर गप्प झाले. तो क्षण मी विसरू शकत नाही.

हा आजार आहे तरी काय?

त्याचं नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. आपल्या भाषेत सांगायचं तर कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेतले आणि पिसांवरच्या बारीक पांढऱ्या भुकटीतले कण श्वासावाटे आत जातात, आणि काही माणसांची फुप्फुसं त्यांच्याशी कायमचं भांडण मांडतात. सतत सूज येते. वेळीच कळलं आणि कबुतरांचा संबंध तोडला तर माणूस बरा होऊ शकतो. पण वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर फुप्फुसांवर वण पडतात, ती कडक होतात, आणि पडलेले वण औषधाने पुसता येत नाहीत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. प्रत्येकाला होतो असंही नाही. एकाच घरात सासूला होतो आणि सुनेला काहीच होत नाही. म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही.

मैत्रिणींनो, याची बर्ड फ्लूशी गल्लत करू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता आणि हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या, ते आपल्याला आठवतं. तो विषाणूचा रोग. माईंचा आजार हा रोजच्या धुळीचा. तो गाजावाजा करत येत नाही, गॅलरी झाडता झाडता येतो. आणि गॅलरी झाडतं कोण, हे मी सांगायला नकोच!

आज माईंना रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागतं. डॉक्टरांनी घर बदला म्हणून सांगितलं, तेव्हा त्या आमच्याकडे शहापूरला आल्या. इथली हवा चांगली म्हणून. आणि आता कबुतरं त्यांच्या मागोमाग इथवर येऊन पोचली, असं मला त्या बैठकीत वाटून गेलं.

कड्यावरचा पारवा

पण खरंच का कबुतरं नवी आली? माझं माहेर मुरबाडकडचं. लहानपणी आम्ही त्याला कबुतर म्हणतच नव्हतो, पारवा म्हणायचो. जुन्या विहिरीत खडा टाकला की आतून पारव्यांचा थवा फडफडत वर यायचा. माळशेजच्या, नाणेघाटाच्या कड्यांत, इकडे माहुलीच्या सुळक्यांवर पारवे कपारींतच राहतात. तेच त्यांचं मूळ घर. उभा दगडी कडा आणि त्यात बसायला चार बोटांची कपार एवढंच त्यांना हवं असतं.

आता आपल्या नव्या इमारतींकडे पारव्याच्या नजरेने बघा. उभी भिंत, खिडकीवरचा सज्जा, एसीच्या डब्यामागची फट. त्याला तो कडाच वाटतो. त्यातही कड्यावर खायला काही नसतं, शेतात लांब उडत जावं लागतं. इथे दारातच बाजरी.

पारव्याचा संसारही मोठा गमतीचा आहे. एका खेपेला दोन अंडी. अठराएक दिवसांत पिल्लं बाहेर, आणि महिना-सव्वा महिन्यात ती उडायला तयार. बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे-अळ्या शोधाव्या लागतात. पारव्याच्या मात्र गळ्यातल्या पिशवीतच दुधासारखा पदार्थ तयार होतो, आणि तो नर आणि मादी दोघंही भरवतात. बाप दूध पाजतो असा संसार आपल्याकडे कुठे बघायला मिळणार! त्यामुळे दाणे मिळत राहिले की त्यांना हंगाम लागत नाही, वर्षभर पाळणा हलता.

कड्यावर आणखी एक गोष्ट असते, जी इमारतीवर सहसा नसते. ती म्हणजे शाहीन ससाणा. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर तोही कपारीतच घर करतो, आणि पारवा हे त्याचं आवडतं खाद्य. म्हणजे निसर्गाने दोघांना शेजारी शेजारीच ठेवलं आहे. शहरात आपण पारवा तेवढा नेला, त्याचा वचक बसवणारा शेजारी डोंगरातच राहिला.

म्हणूनच ससाणा आणण्याची कल्पना ऐकायला वेडगळ वाटली तरी तिच्या मुळाशी तर्क आहे, हे मान्य करायला हवं.

विम्बल्डनचा रूफस

मैत्रिणीचा मोबाइल परत केला, पण विचार डोक्यातून जाईना. मग मुलाला बसवून मी माहिती काढली.

टेनिसचं विम्बल्डन आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या मैदानावर रूफस नावाचा एक शिकारी पक्षी प्रसिद्ध झाला. जात हॅरिस हॉक, मूळ अमेरिका खंडातली, आणि पाळून वाढवलेली. स्पर्धेच्या दिवसांत पहाटे, प्रेक्षक येण्याआधी त्याला सोडत. त्याने कबुतरं मारावीत अशी अपेक्षा नसते, नुसता वचक बसावा एवढीच असते. त्याचं रोज वजन करतात. पोट फार भरलं तर तो कामाला येणार नाही, आणि फार भुकेला असला तर शिकार करून तिथेच बसेल. हातावर परत आला की मांसाचा तुकडा. आपण लहान मुलाचं जेवण सांभाळतो तसंच! २०१२ साली हा रूफस पिंजऱ्यासकट गाडीतून चोरीला गेला होता, आणि काही दिवसांनी सापडला तेव्हा तिथल्या लोकांनी आनंद साजरा केला.

शिकारी पक्ष्यांत मादी ही नरापेक्षा आकाराने मोठी असते, हेही मला याच निमित्ताने कळलं. वाचून बरं वाटलं.

कुत्र्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या एका विमानतळावर १९९९ साली बॉर्डर कॉली जातीचा जेट नावाचा कुत्रा पक्षी हाकायला ठेवला. ही मूळची मेंढ्या वळणारी जात. चावत नाही, नुसती पाठीमागे लागते. मिशिगनमधल्या एका विमानतळावरचा पायपर नावाचा कुत्रा डोळ्यांना चष्मा लावून धावपट्टीवर फिरायचा आणि त्याचे फोटो जगभर गेले. तो २०१८ मध्ये वारला. पण कुत्रा कामाचा तो उघड्या मैदानावर, जमिनीवर उतरणाऱ्या बदकं, बगळे, सीगल अशा पक्ष्यांसाठी. चौथ्या मजल्याच्या सज्जावर बसलेला पारवा खाली भुंकणाऱ्या कुत्र्याकडे मान वाकडी करून बघत बसेल. आमच्या माहेरच्या खळ्यावर मोत्या नावाचा कुत्रा होता. भाताच्या राशीवर आलेल्या कोंबड्या आणि चिमण्या तो हाकायचा, पण मोत्या झोपला की चिमण्या परत. हाकणारा जागा असेल तोवरच हाकणं!

ससाण्याचंही खरं गुपित हेच आहे. तो रोज, वेळी-अवेळी उडवावा लागतो. चार दिवस आला नाही की पारवे माघारी. त्यासाठी पगारी जाणता माणूस लागतो.

लंडनचा चौक आणि स्वित्झर्लंडचं गाव

तुम्ही 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहिलाच असेल. १९९५ चा सिनेमा. सुरुवातीलाच अमरीश पुरी लंडनच्या एका चौकात कबुतरांना दाणे टाकत उभे असतात. तो ट्रफाल्गर चौक. तिथे कबुतरांना दाणे घालणं ही प्रवाशांची हौसच होती, दाणे विकणाऱ्याचा परवानाधारक ठेला होता. २००१ मध्ये तो ठेला बंद झाला, २००३ मध्ये दाणे टाकायला बंदी आली, आणि सोबत शिकारी पक्षीही उडवले गेले. कबुतरं खूप कमी झाली. पण लक्षात घ्या, आधी दाणे थांबले. नुसत्या ससाण्याने ते झालं नसतं.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा अनुभव तर फारच बोलका आहे. तिथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली किंवा पकडली. संख्या जागची हलली नाही. कारण मेलेल्यांची जागा नवी पिल्लं लगेच भरून काढत होती, दाणे तेवढेच होते ना! मग १९८८ पासून तिथल्या लोकांनी उलटा रस्ता धरला. मारणं नाही, घरोघरी समजावणं. दाणे टाकणं म्हणजे दया नव्हे, दाटीवाटीत आजारी पिल्लं वाढवणं आहे, हे पटवून दिलं. चारेक वर्षांत कबुतरं जवळपास निम्म्यावर आली.

हे वाचलं आणि मला उत्तर सापडलं. ताट उचललं की पाहुणे आपोआप पांगतात. त्यासाठी दारात वाघ बांधायला नको.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्याकडे शिक्रा, ससाणा, घुबड, पिंगळा यांतला कुठलाही जंगली पक्षी पकडणं, पाळणं, विकणं किंवा विकत घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. एके काळी राजेरजवाडे बाज आणि शिक्रे पाळत, शिक्रा लवकर शिकतो म्हणून शिकाऱ्यांचा तो आवडता. तो काळ संपला. दिल्लीत माकडांना हाकलायला माणसं लंगूर घेऊन फिरत, तेही याच कायद्यामुळे बंद झालं. मग लंगुराचा आवाज काढणारी माणसं नेमावी लागली!

म्हणजे पाच हजारांना पिल्लू विकत घेतलं असतं तर आमच्या मैत्रिणीची सगळी सोसायटी गुन्ह्यात सापडली असती. आणि त्या पिल्लाचे हाल वेगळेच. घरट्यातून उचललेल्या पिल्लाला शिकार शिकवायला त्याची आई नसते, आणि आपल्याला ती विद्या येत नाही.

मी मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. तिने सोसायटीत सांगितलं. सोसायटीच्या लोकांनी त्या माणसाला कायदा ऐकवला, आणि तेव्हापासून त्याने फोन उचलणंच बंद केलं. त्या शिक्र्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. ती चूक माझी. आधी वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करायला हवा होता, बोलणं नंतर. तुमच्या कानावर असं काही आलं तर ही चूक करू नका.

पार्किंगमधली बैठक

त्याच दिवसांत दूरदर्शनच्या पडद्यावर रोज दादरचा कबुतरखाना होता. जुलै महिन्यात सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, दादरला ताडपत्री घातली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमावाने ती फाडली. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचं कारण देऊन दाणे टाकण्यावरची बंदी कायम ठेवली आणि तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. पुढे महापालिकेने काही ठिकाणी सकाळचे दोन तास तात्पुरती मुभा दिली. दोन्हीकडची माणसं तावातावाने बोलत होती. त्या भांडणात मला एकच खटकत होतं. माईंसारख्या बायका कुठेच दिसत नव्हत्या. ज्यांनी दयेपोटी दाणे टाकले आणि ज्यांची फुप्फुसं गेली, त्या दोन्ही एकच होत्या.

मैत्रिणीच्या सोसायटीची बैठक एका रविवारी खाली पार्किंगमध्ये भरली. मला बोलावलं होतं. निघताना माई म्हणाल्या, "मीपण येते." मी नको नको म्हटलं, पण त्या ऐकेनात.

तिथे एक आजी होत्या. रोज दोन किलो ज्वारी-बाजरी गच्चीवर टाकणाऱ्या. सगळे त्यांच्यावर चिडलेले. आजीही तेवढ्याच तापलेल्या. "आमचे हे गेले त्या दिवसापासून टाकतेय मी. पितरांचं आहे ते. कुणाच्या बापाचं खात नाहीत पाखरं!" कुणी कायदा सांगितला, कुणी दंडाची भाषा केली. ठाण्यात महापालिकेने लावलेल्या दंडाच्या फलकांची आठवणही एकाने दिली. आजी आणखी घट्ट झाल्या.

मग माई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोन वाक्यांनंतर दम घेत घेत म्हणाल्या, "बाई, मीपण टाकायची. यजमान गेल्यावर तेवढीच सोबत होती. मला कुणी सांगितलं नाही हो. सांगितलं असतं तरी बहुतेक ऐकलं नसतं. आता तुमच्या नातवाला खोकला आहे म्हणतात, म्हणून आले." एवढंच. पुढे त्यांना बोलवेना.

आजी काही बोलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. उठून वर गेल्या. बैठक तशीच संपली. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा मला वाटलं, फुकट दमवलं माईंना.

पंधरा दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. आजींनी ज्वारीचं पोतं तिच्याकडे पाठवून दिलं होतं, अंगणवाडीत द्या म्हणून. नातवाला डॉक्टरांकडे नेलं, त्याचा खोकला साधाच निघाला. पण पोतं परत मागितलं नाही. पितरांच्या नावाने आता आजी गाईला घास देतात.

घरच्या घरी काय करता येईल?

सोसायटीने मग काही साध्या गोष्टी केल्या, त्या तुमच्याही उपयोगी पडतील. दाणे आणि शिळी पोळी टाकणं बंद, हे पहिलं. गॅलरीला आणि एसीच्या मागच्या फटीला नायलॉनची जाळी. ती ताणून, कडा घट्ट बसवून लावायची. सैल राहिली तर पक्ष्यांचे पाय अडकून ते हाल होऊन मरतात. घरट्याच्या काड्या दिसल्या की अंडी घालण्याआधीच काढायच्या. अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत महिना-दीड महिना धीर धरायचा आणि मग फट बुजवायची.

साफ करताना वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला मास्क आणि हातांत मोजे घाला, मग पुसून काढा. लहान मुलं, म्हातारी माणसं, दम्याचे रुग्ण यांना त्या वेळी लांब ठेवा. कोरडा खोकला महिनाभर हटत नसेल आणि घराजवळ कबुतरं असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपणहून सांगा. माईंची दोन वर्षं या एका वाक्याअभावी गेली.

आणि विष घालायचं तर मनातही आणू नका. विषारी दाणे चिमण्याही खातात. मेलेला पारवा घुबड किंवा शिक्रा खातो आणि तोही जातो. म्हणजे जो आपलं काम फुकट करतो, त्यालाच आपण मारतो.

चिऊताईसाठी जीव तुटत असेल तर सव्वा इंचाचं भोक असलेलं लाकडी घरटं टांगा, त्यातून पारवा शिरू शकत नाही. उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवा, रोज बदला. अंगणात उंबर, करंज, शेवगा काहीतरी असू द्या. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन होतो, त्या दिवशी मुलांना घरटी करायला लावता येतात. पाखरांवरची माया आटवायची नाहीये, तिची वाट तेवढी बदलायची आहे.

आपले ससाणे

भाताची झोडणी सुरू झाली तेव्हा मी माईंना चार दिवस मुरबाडला माहेरी नेलं. धुळीची म्हणून खळ्यापासून लांब, पडवीत खुर्ची टाकून दिली. वहिनी खळ्यावर राखणीला बसली होती. पूर्वी आम्ही गोफण घेऊन, डबे बडवत हाकारे घालायचो. आता तिने जुन्या कॅसेटच्या रिळी ताणून बांधल्या होत्या, वाऱ्यावर त्या चमकतात आणि गुणगुणतात. तेवढ्यात चिमण्या, मुनिया, पारवे सगळे एकदम उठले. वरून एक राखाडी पक्षी सुसाट गेला आणि समोरच्या ऐनाच्या झाडावर जाऊन बसला. शिक्रा!

"याला पाच हजार देणार होते का गं तुझ्या मैत्रिणीकडचे?" माईंनी विचारलं.

"हो."

"हा बघ, फुकट आलाय."

शिक्र्याला त्या दिवशी काही मिळालं नाही. पण खळ्यावर बराच वेळ एकही पाखरू उतरलं नाही. संध्याकाळी घरामागच्या आंब्याच्या ढोलीतून पिंगळ्याचा आवाज आला. वहिनीची सून पटकन म्हणाली, "अशुभ असतं ना हे? दगड मारू का?" वहिनीने तिला थांबवलं. "तो उंदरांवर बसलाय. भाताच्या कणग्या तोच राखतो. राहू दे."

माई खूप दिवसांनी हसल्या. हसताना खोकला आला, तोही थांबला. मी त्यांच्या खांद्यावर शाल नीट केली, आणि पिंगळा पुन्हा ओरडेपर्यंत आम्ही दोघी पडवीत बसून राहिलो.